कागद अडतो कोठे?

सरकारी कचेरीच्या दारात उभ्या राहिलेल्या सामान्य मनुष्याची पहिली समजूत अशी असते की, आत बसलेली माणसे एक तर आळशी आहेत, नाही तर लाचखाऊ आहेत, आणि कित्येकदा दोन्ही आहेत. आणि या समजुतीला पुष्टी देणारी उदाहरणे त्याच्या गावात व नात्यागोत्यात विपुल सापडत असल्यामुळे ती सहसा डळमळीतही होत नाही. ही समजूत सर्वस्वी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु हातात अर्ज घेऊन गेलेल्या मनुष्याला तिचा काडीइतकाही उपयोग नाही, एवढे मात्र निश्चयाने सांगावेसे वाटते. आळस आणि लोभ हे माणसांचे दोष झाले, आणि ते सुधारण्याचे सामर्थ्य अर्जदाराच्या अंगी नसते. त्याची गाठ पडलेली असते ती नियम, पदांची उतरंड आणि लेखी कागद या तिहींच्या आधाराने चालणाऱ्या एका यंत्रणेशी. माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने नोकरशाहीची हीच लक्षणे शंभर वर्षांपूर्वी सविस्तर विशद केली, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल ज्यांनी सोडून पाहिले आहेत त्यांना ती नवीन वाटली नसतील.

या यंत्रणेचा एक गुण अर्जदाराने आरंभीच मनाशी बांधून ठेवावा. कचेरीला तोंडी बोलणे ऐकू येत नाही. जे बारनिशीत, म्हणजे आवक नोंदवहीत, चढले तेच घडले, जे चढले नाही ते घडलेच नाही, अशी तिची वृत्ती असते. ही वृत्ती आपल्याला जाचक वाटते खरी. परंतु तिच्यावर अंकुश ठेवण्याची जेवढी म्हणून साधने कायद्याने आपल्या हाती दिली आहेत, ती सगळी याच वृत्तीवर उभारलेली आहेत, आणि म्हणून आपला कागद आज कोणाच्या मेजावर, कोणत्या तारखेपासून, कोणत्या कारणास्तव पडून आहे हे ज्याला सांगता येते, त्याच्यापुढे कचेरीला उत्तर द्यावे लागते.

गावाकडचा एक नित्याचा प्रसंग घेऊ. वडील वारले, जमीन त्यांच्या नावावर, आणि सात-बाराच्या उताऱ्यावर आई, भाऊ व बहिणी यांची नावे वारस म्हणून लागावयाची आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ अन्वये वारसाहक्काने जमिनीत हक्क प्राप्त झालेल्या व्यक्तीने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव मिळाले आहे, पण गाव अजून तलाठीच म्हणते) तशी वर्दी द्यावयाची असते. आणि याच कलमात, तलाठ्याने त्या वर्दीची लेखी पोच लागलीच दिली पाहिजे, असेही म्हटलेले आहे. वर्दी देणारे शेकडो असतात. पोच मागणारे फार थोडे, आणि ती मागणे हा आपला हक्क आहे, तलाठ्याची मेहरबानी नव्हे, हे ठाऊक असणारे त्याहूनही थोडे. ही वर्दी प्रथम गाव नमुना सहा-क या वारसांच्या नोंदवहीत चढते. चौकशीअंती मंडळ अधिकारी वारस कोण ते ठरवतो. मग फेरफाराची नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा, तीत नोंद घेतली जाते. कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटिसा निघतात, एक प्रत चावडीवर लागते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या सहा-अ या नोंदवहीत जाऊन त्याची सुनावणी होते.

आता या मार्गावर कागद अडण्याच्या जागा किती आहेत त्या मोजून पाहा. वर्दी घेतली गेली, पण नोंदवहीत चढली नाही. चढली, पण वारसांच्या चौकशीत एका बहिणीचे नाव राहून गेले. नोंद झाली, पण नोटिसा निघाल्या नाहीत. निघाल्या, पण ठाण्याला दिलेल्या बहिणीचा पत्ता अपुरा म्हणून एक नोटीस बजावली न जाता परत आली. सर्व बजावल्या गेल्या, पंधरा दिवसही सरले, पण मंडळ अधिकाऱ्याकडे शेजारच्या मंडळाचाही अतिरिक्त कार्यभार असल्यामुळे प्रमाणित करण्याची सही तेवढी राहिली. यांपैकी प्रत्येक अडचणीवरचा उपाय वेगळा, आणि तो करणारा मनुष्यही वेगळा. तहसीलदारांपुढे जाऊन 'साहेब, तीन महिने झाले, काम होत नाही' असे काकुळतीने सांगणारा अर्जदार त्यांच्याकडून 'पाहतो' या एका शब्दापलीकडे काही घेऊन येत नाही, कारण साहेबांनी नेमके काय पाहावयाचे ते त्याने सांगितलेलेच नसते. उलट, 'फेरफार क्रमांक अमुक, नोटिसा अमुक तारखेस बजावल्या, पंधरा दिवस अमुक तारखेस संपले, हरकत आलेली नाही, तरी नोंद प्रमाणित व्हावी' एवढ्या चार ओळी लिहून जो देतो, त्याच्या अर्जावर तहसीलदारांना मंडळ अधिकाऱ्याच्या नावे स्पष्ट शेरा मारता येतो. नोंद कोणत्या टप्प्यावर आहे हे समजण्यासाठी आता चावडीपर्यंत जाण्याचेही कारण उरलेले नाही. 'आपली चावडी' या संगणकीय फलकावर गावातील फेरफारांच्या नोटिसा घरबसल्या पाहता येतात, आणि वारस नोंदीचा अर्ज 'ई-हक्क' प्रणालीतूनही करता येतो.

गावाची पायरी सोडून तहसील, प्रांत किंवा जिल्हाधिकारी कचेरीत शिरलेला कागद थोड्या निराळ्या वाटेने जातो. बारनिशी कारकून त्याच्यावर आवक क्रमांक घालतो. तो क्रमांक म्हणजे त्या कागदाचा जन्म. तेथून तो ज्या विषयाचा असेल त्या संकलनाकडे जातो, व संबंधित लिपिकाच्या कार्यविवरण नोंदवहीत चढतो. मग लिपिक नस्ती म्हणजे फाईल उघडतो, टिपणी लिहितो, अव्वल कारकून ती तपासतो, नायब तहसीलदार आपला अभिप्राय जोडतो, आणि सर्वांत वरचा अधिकारी बहुधा 'मान्य', 'चर्चा करावी' किंवा 'त्रुटींची पूर्तता करून सादर करावे' यांपैकी काहीतरी लिहितो. निर्णय वर होतो असा आपला समज असतो, परंतु पुष्कळ प्रकरणांत तो खालीच, लिपिकाच्या पहिल्या टिपणीत घडलेला असतो, कारण वरचे सर्वजण तिच्यावरच आपापला शेरा ठेवीत जातात. म्हणून अर्जाबरोबर जोडलेले कागद लिपिकाला टिपणी लिहिणे सुकर होईल अशा क्रमाने, पृष्ठांक घालून, यादीसह लावलेले असणे, याचे मोल मोठ्या साहेबांच्या ओळखीहून अधिक आहे.

आपल्या राज्यातील महसुली कचेऱ्यांत सहा गठ्ठ्यांची म्हणून एक पद्धत रूढ आहे. प्रत्येक लिपिकाने आपल्याकडील कागद सहा गठ्ठ्यांत लावावयाचे असतात: चालू प्रलंबित प्रकरणे, दुसऱ्या कोणाच्या उत्तराची वाट पाहणारी म्हणजे प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षात धाडावयाची निकाली प्रकरणे, आणि नष्ट करावयाचे कागद. अर्जदाराला यातील दुसऱ्या गठ्ठ्याची माहिती असणे फार हितावह असते. कारण प्रकरण प्रतीक्षाधीन झाले की लिपिकाच्या डोक्यावरचा भार उतरतो. भूमी अभिलेख कचेरीकडे मोजणीची माहिती मागितली आहे, ती येईपर्यंत आपल्याला कर्तव्य उरले नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते, आणि तिकडच्या कचेरीत ते पत्र आणखी एका बारनिशीत चढून आणखी एका गठ्ठ्यात विसावलेले असते. दोन कचेऱ्यांच्या मधल्या या ओसाड पट्ट्यात जितके कागद मरतात तितके कोणत्याही एका कचेरीत मरत नसतील. त्यावर उपाय एकच: आपल्या प्रकरणात कचेरीने ज्याला पत्र लिहिले त्या पत्राचा जावक क्रमांक व तारीख मिळवावी, आणि तिकडच्या कचेरीत स्वतः जाऊन ते पत्र कोणत्या आवक क्रमांकाने नोंदले गेले ते विचारावे.

निकाली कागदांचीही वर्गवारी असते: 'अ' वर्गाचे कायम, 'ब' वर्गाचे तीस वर्षे, 'क' वर्गाचे दहा, 'क-१' चे पाच, आणि 'ड' वर्गाचे अवघे एक वर्ष ठेवावयाचे. आपल्याला लागणारा कागद कोणत्या वर्गात पडतो हे न विचारता पाचसहा वर्षांनी त्याची नक्कल मागावयास जाणाऱ्यास 'नियमानुसार नष्ट' हे उत्तर मिळाले, तर त्यात लबाडी असेलच असे नाही. अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी आपल्या कचेरीची दफ्तरे अशा वर्गवारीने नव्याने लावून घेतली, मेजांची मांडणी बदलली आणि लोकांची दारोदारची पायपीट कमी केली, त्या प्रयोगाची ख्याती 'लखिना पॅटर्न' या नावाने राज्यभर झाली. आणि त्यासाठी त्यांना नवा कायदा करवून घ्यावा लागला नाही, हे विशेष.

मग कागद अडतो तरी का? लाचेच्या अपेक्षेने अडवलेला कागद असतोच, त्याविषयी पुढे येईल. परंतु माझ्या मते विलंबाचे अधिक व्यापक कारण असे की, आपण शासनयंत्रणेवर जे अंकुश ठेवले, त्यांतील बहुतेक सगळे चुकीच्या कृतीला शिक्षा देणारे आहेत, निष्क्रियतेला नव्हेत. संविधानाच्या अनुच्छेद १४८ ते १५१ अन्वये भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक हिशेब तपासतात, त्यांचे अहवाल विधिमंडळापुढे येतात, लोकलेखा समिती त्यांवर सचिवांची साक्ष घेते, आणि आपल्याकडे पंचायती राज समिती जिल्हा परिषदांना भेटी देऊन तेथील अधिकाऱ्यांना धारेवर धरते. ही सारी व्यवस्था लोकशाहीचे भूषण आहे यात शंका नाही. परंतु लेखापरीक्षणाचा आक्षेप निघतो तो दिलेल्या रकमेवर. न दिलेल्या पेन्शनवर तो क्वचितच निघतो. सही करणाऱ्या अधिकाऱ्याला दहा वर्षांनी चौकशीला उभे राहावे लागू शकते, सही न करणारा मात्र तीन वर्षांनी बदली होऊन सुखाने जातो. अशा स्थितीत सावध कारकून आणखी एक दाखला मागतो, सावध अधिकारी आणखी एका खात्याचा अभिप्राय मागतो, आणि प्रत्येकाचे वर्तन त्याच्या जागी समंजसच असते. अंकुशच विलंबाचे मूळ व्हावे, असा हा चमत्कारिक प्रकार आहे, आणि तो ओळखल्याशिवाय कारकुनावर चिडणे हे व्यर्थ.

या विपरीततेवर नेमका इलाज करण्याचा प्रयत्न महाराष्ट्राने एका कायद्याने केला आहे, ज्याचे नाव इतके लांबलचक आहे की त्यामुळेच तो लोकांच्या ध्यानात राहिला नसावा: महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. बदल्यांचा भाग सर्वांना माहीत असतो, कारण त्यात कर्मचाऱ्यांना स्वारस्य असते. विलंबाचा भाग मात्र ज्यांच्या हिताचा त्या नागरिकांनाच अपरिचित राहिला. त्यातील कलम १० असे सांगते की, कोणतीही नस्ती कोणत्याही कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कार्यदिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये. तातडीच्या नस्त्यांचा निपटारा चार दिवसांत व्हावा. ज्या नस्त्या दुसऱ्या विभागाकडे पाठवावयाच्या नसतील त्यांवरील निर्णय पंचेचाळीस दिवसांत, आणि ज्या पाठवाव्या लागतील त्यांवरील निर्णय तीन महिन्यांत घेतला जावा. आणि जाणूनबुजून केलेल्या विलंबाबद्दल शिस्तभंगाची कारवाई व्हावी. नागरिकांची सनद प्रसिद्ध करणे, आणि नस्ती सामान्यतः तीनहून अधिक स्तरांवरून फिरू नये अशी अधिकारांची वाटणी करणे, हेही याच कायद्याने सांगितले आहे. न्यायालयात चालू असलेली व तत्सम काही प्रकरणे यातून वगळलेली आहेत. स्मरणपत्र लिहिताना 'आपण कृपाळू होऊन' इत्यादी विनवण्यांऐवजी, 'सदर अर्जास आज बावन्न दिवस झाले असून उपरोक्त अधिनियमाच्या कलम १० मधील पंचेचाळीस दिवसांची मुदत उलटून गेली आहे' एवढे एक वाक्य लिहिले, तर त्या पत्रावर टिपणी लिहिल्यावाचून लिपिकाची सुटका होत नाही.

आता प्रत्यक्ष अर्जाकडे वळू. अर्ज एका पानाचा असावा, एका विषयाचा असावा, आणि तो ज्याला निर्णयाचा अधिकार आहे त्याच्याच पदनामाने लिहावा. मुख्यमंत्र्यांपासून तलाठ्यापर्यंत सर्वांना प्रती धाडलेल्या अर्जावर, दुसरा कोणीतरी पाहील या विश्वासाने, कोणीच काही करीत नाही. विषयाच्या ओळीत गट क्रमांक, गाव, तालुका लिहावा. पूर्वीचा पत्रव्यवहार 'संदर्भ' म्हणून क्रमांक व तारखांनिशी वर द्यावा. शेवटी आपल्याला काय हवे ते एका वाक्यात लिहावे, कारण तक्रारीचा दोन पानी इतिहास वाचूनही 'अर्जदाराची मागणी काय?' हे न कळलेली प्रकरणे कोणत्याही कचेरीत मिळतील. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, आणि स्थळप्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक व सही घेतल्यावाचून खिडकी सोडू नये. पोच देण्यास कोणी नकार देईल तर तोच अर्ज टपालाने, पोचपावतीसह पाठवावा. भाषेविषयी संकोच बाळगण्याचे कारण नाही: कोणत्याही गाऱ्हाण्याच्या निवारणार्थ संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क अनुच्छेद ३५० ने दिलेला आहे, आणि म्हणून बेळगाव, इंदूर किंवा बडोद्याच्या मराठी मनुष्यालाही तेथील कचेरीत आपले गाऱ्हाणे मराठीत मांडण्यास संविधानाची हरकत नाही, जरी कामाच्या सोयीसाठी स्थानिक भाषेतील प्रत जोडणे शहाणपणाचे ठरेल.

दाखले, परवाने, नोंदी अशा ठरावीक सेवांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हे सर्वांत सरळ साधन आहे. अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली असते, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी ठरलेला असतो, आणि त्याच्यावरील प्रथम व द्वितीय अपिलीय प्राधिकारीही ठरलेले असतात. या सर्वांचा फलक कचेरीत लावणे बंधनकारक आहे. अर्ज नामंजूर करावयाचा तर कारणे लेखी द्यावी लागतात. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज फेटाळला गेला तर तीस दिवसांच्या आत पहिले अपील करावे, त्यानेही समाधान न झाल्यास दुसरे, आणि शेवटी राज्य लोकसेवा हक्क आयोगापुढे तिसरे. पुरेशा कारणावाचून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, परंतु ती त्याच्या खिशातून जाते व त्याच्या नावे नोंदली जाते, हे ज्याने सरकारी नोकरी जवळून पाहिली आहे त्याला पुरेसे बोलके वाटेल. गोव्यानेही २०१३ मध्ये कालबद्ध सेवांचा असा कायदा केला आहे.

माहितीच्या अधिकाराविषयी लोकांना पुष्कळ माहिती आहे आणि तिचा उपयोग मात्र बहुधा चुकीच्या ठिकाणी होतो. हा कायदा काम करवून घेण्याचा नव्हे, कागद पाहण्याचा आहे. आणि जो कागद पाहतो त्याचे काम होण्याचा संभव वाढतो, एवढाच त्याचा व कामाचा संबंध. 'माझे काम का केले नाही?' असा प्रश्न या कायद्याखाली विचारू नये. 'का' याचे उत्तर म्हणजे माहिती नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ सालीच म्हटले आहे. त्याऐवजी असे मागावे: 'माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीचा दिनांकवार तपशील, तो अर्ज ज्या ज्या कर्मचाऱ्यांकडे होता त्यांची नावे, पदनामे व त्यांच्याकडे तो राहिल्याचा कालावधी, नस्तीतील टिपणी भागाची छायांकित प्रत.' एवढ्या मजकुरात सात दिवसांचा नियम कोणी मोडला हे आपोआप उघड होते, आणि पुष्कळदा असे दिसते की हा अर्ज बारनिशीत चढताच मूळ नस्ती कपाटातून बाहेर पडते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा व सामान्यतः दीडशे शब्दांच्या आतला असावा लागतो. शुल्क दहा रुपये, बहुतेकजण कोर्ट फी स्टँप लावतात, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास ते माफ आहे. कचेरी चुकली तरी भिण्याचे कारण नाही, कारण कलम ६(३) प्रमाणे तो अर्ज योग्य कचेरीकडे पाच दिवसांत वर्ग करण्याची जबाबदारी त्यांची आहे. उत्तर तीस दिवसांत, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास अठ्ठेचाळीस तासांत. मुदत उलटल्यावर माहिती विनामूल्य द्यावी लागते. पहिले अपील पुढील तीस दिवसांत त्याच कचेरीतील वरिष्ठाकडे, दुसरे नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. दुसऱ्या अपिलांचा ढीग मोठा आहे व सुनावणीला फार काळ लागतो, तेव्हा पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहून तेथेच काम साधण्याचा प्रयत्न करावा.

याच कायद्यातील कलम ४(१)(घ) कडे मात्र जाणत्यांचेही दुर्लक्ष होते. प्रशासकीय किंवा न्यायिकवत निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवणे, हे त्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले आहे. 'आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे' एवढ्या एका ओळीचे पत्र घरी आले, तर या कलमाचा हवाला देऊन सकारण आदेशाची प्रत मागावी. ज्यात कारणच नाही त्या आदेशाविरुद्ध अपिलात लिहिणार तरी काय? शिवाय जिल्हा पातळीवरील व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कचेऱ्यांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा शासनाचा २०१८ चा आदेश आहे. पुणे महानगरपालिकेने हा उपक्रम त्याच्या कितीतरी आधी सुरू केला होता.

लोकशाही दिनाचा उपयोग मर्यादित, पण खरा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी व तिसऱ्या सोमवारी तहसीलदार सर्व खात्यांच्या प्रमुखांना घेऊन बसतात. आणि दोन खात्यांच्या मध्ये अडकलेल्या ज्या कागदाविषयी वर लिहिले, त्याच्यासाठी ही बैठक उत्तम, कारण दोन्ही खात्यांची माणसे एकाच मेजाभोवती असतात. अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. लोकायुक्तांचे पद १९७१ च्या कायद्याने निर्माण झाले आणि १९७२ साली महाराष्ट्र हे लोकायुक्त नेमणारे पहिले राज्य ठरले. त्या कायद्याप्रमाणे गाऱ्हाणे कळल्यापासून बारा महिन्यांत मांडावयाचे, व लोकायुक्त शिफारस करतात, हुकूम देत नाहीत. तरीही त्यांच्या कचेरीतून अहवाल मागवणारे पत्र आले म्हणजे खालच्या कचेरीत जी धावपळ होते, ती पुष्कळदा पुरते. आमदारांकडे मात्र वैयक्तिक अर्जाची शिफारस मागण्यापेक्षा, एकाच प्रकारचे शंभर अर्ज तालुक्यात अडले असतील तर त्यांची यादी न्यावी. तारांकित प्रश्न त्यातूनच निघतो, आणि प्रश्नाला उत्तर देण्यासाठी मंत्रालयाच्या कार्यासनापासून तालुक्याच्या संकलनापर्यंत माहिती गोळा होऊ लागते.

लाच मागितली गेल्यास निराळाच मार्ग धरावा लागतो, आणि तेथे संकोच घातक ठरतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा विनाशुल्क दूरध्वनी १०६४ हा आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही अपराधी ठरतो. मात्र ज्याला ती देणे भाग पाडले गेले त्याने सात दिवसांच्या आत कळवले, किंवा देण्यापूर्वीच विभागाला सांगून त्यांच्या साहाय्याने सापळा लावला, तर त्याला संरक्षण आहे. 'काम तर झाले, आता कशाला' म्हणून गप्प बसणाऱ्याने हे सात दिवस ध्यानात ठेवावेत.

निर्णय झाला, पण तो विरुद्ध गेला, तर अर्ज-विनंत्यांचा काळ संपून अपिलाचा सुरू होतो, आणि येथे लोक सर्वांत अधिक नुकसान करून घेतात. विरुद्ध आदेश हाती आल्यावर 'फेरविचार व्हावा' म्हणून त्याच अधिकाऱ्याकडे अर्जावर अर्ज करीत राहणे म्हणजे अपिलाची मुदत स्वतःच्या हाताने घालवणे होय. महसुली प्रकरणांत जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ प्रमाणे अपील करावयाचे, मंडळ अधिकाऱ्याने वा तहसीलदाराने दिलेल्या आदेशाविरुद्ध ते प्रांताधिकाऱ्याकडे जाते, आणि त्याला साठ दिवसांची मुदत असते. नक्कल मिळण्यास लागलेले दिवस तीतून वगळले जातात, यास्तव नकलेचा अर्ज आदेशाच्या दुसऱ्याच दिवशी टाकावा. उच्च न्यायालयाचा अनुच्छेद २२६ खालील अधिकार सर्वांत मोठा, परंतु 'इतर उपाय वापरले काय?' हा पहिला प्रश्न तेथे विचारला जातो. आणि त्या वेळी वकिलाच्या हाती पोचा, स्मरणपत्रे, टिपणीची प्रत असा तारखांनी सांधलेला गठ्ठा असला, तर कचेरीने मुदतीत निर्णय घ्यावा एवढा मर्यादित आदेश मिळणे अवघड राहत नाही. निर्णय कोणता घ्यावा हे न्यायालय सहसा सांगत नाही. घ्यावा, एवढे सांगते.

वारस नोंदीच्या आपल्या उदाहरणात बहुधा इतक्या दूर जावे लागत नाही. नोंद प्रमाणित झाली की पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा काढावा आणि प्रत्येक वारसाचे नाव, आडनाव व क्षेत्राचा आकडा अक्षरशः वाचून पाहावा. बहिणीच्या सासरच्या नावात काना-मात्रेची चूक असेल किंवा आर-गुंठ्यांचा अंक इकडचा तिकडे झाला असेल, तर लेखनप्रमाद दुरुस्तीचा कलम १५५ खालील अर्ज त्याच आठवड्यात द्यावा, दुसरा व्यवहार त्यावर होईपर्यंत थांबू नये. त्याच वेळी आठ-अ चा उताराही काढून ठेवावा, कारण सात-बारावर नवी नावे लागूनही खाते जुन्याच नावाने राहिल्याचे प्रकार घडतात, आणि पीक कर्जासाठी बँक हे दोन्ही उतारे मागते.